सिस्टर ओव्हाळांचं गाव

सिस्टर ओव्हाळ ‘आमच्या गावात’ म्हणून काही सांगू लागल्या की नव्या माणसाला वाटायचं, लोणी काळभोरचं चाललंय. त्यांचं मूळ गाव तेच. वडील कारखान्यात लागले म्हणून घर खडकीला आलं आणि सिस्टर तिथेच वाढल्या. पण पुढचं वाक्य यायचं, “आमच्या गावातला खाटीक संघाचा गोलकीपर होता. मटण तोडताना त्याचा हात बघावा!” किंवा, “आमच्या गावात जूनमध्येसुद्धा घरात शेकोटी लागते.” ऐकणारा गोंधळायचा. मग त्या म्हणायच्या, “अहो, आयर्लंडमधलं गाव.” हडपसर ओलांडलं की उजव्या हाताला, अशा सुरात.

पुण्यात बरीच वर्षं नर्स म्हणून काढल्यावर, चाळिशी उलटल्यावर, त्या तिकडे गेल्या. एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी केली आणि निवृत्त होऊन परत आल्या त्या आमच्या बोपोडीच्या सोसायटीत, तळमजल्यावर, अगदी आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये. लग्न केलेलं नव्हतं. बुटक्या, भरलेल्या अंगाच्या, केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडीखाली पळायचे बूट. चालायला लागल्या की बरोबरच्याला धाप लागायची.

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि समोरच्या भिंतीवर एक लाकडी काठी आडवी टांगलेली. हॉकीच्या काठीसारखी, पण टोकाला पसरट, भाताच्या उलथन्याएवढी रुंद. आमचे सेक्रेटरी जोगळेकर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा काठीकडे बघून म्हणाले, “कुत्र्यांसाठी का?”

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “सेक्रेटरींसाठी.”

ती हर्लिंगची काठी होती. हर्लिंग हा तिकडचा जुना खेळ. हॉकीसारखाच, फक्त चेंडू जमिनीवर कमी आणि डोक्यावरून जास्त. त्या गावात हा खेळ म्हणजे खेळ नव्हताच, सिस्टर सांगायच्या, ती गावाची जातकुळी होती. जिथे जन्मलात त्या गावासाठी खेळायचं. पैसे नाहीत, काही नाही. सकाळी शेतात, दुकानात, शाळेत काम करायचं आणि संध्याकाळी मैदानावर एकमेकांची नडगी फोडायची. दोन भावांनी एका सामन्यावरून बोलणं टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं. चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसायचे, मध्ये तिसऱ्याची जागा मोकळी सोडून.

पुण्याच्या आदरातिथ्याबद्दल मात्र त्या फार कडवट होत्या. “आमच्या गावात चहा तीनदा विचारतात. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. इथं एकदा ‘नको’ म्हटलं की डब्याचं झाकण लागलंच.” त्यांच्याकडे गेलं की ‘नको’ला काही अर्थच नसायचा. मोठ्या मगात काळाकुट्ट चहा, वर दुधाची धार. तो संपेपर्यंत त्या उठू द्यायच्या नाहीत.

ओळख झाली की दुसऱ्याच मिनिटाला त्यांचा प्रश्न यायचा, “तुम्ही काय खेळायचात?” नोकरी, मुलं, मूळ गाव हे सगळं नंतर. सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी तो जोगळेकरांना विचारला.

“मी?” जोगळेकर म्हणाले. “मी अभ्यास करायचो.”

“तरीच,” सिस्टर म्हणाल्या, आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुढे चालू झाला.

या प्रश्नाचं मूळ मला पुष्कळ दिवसांनी कळलं. मी खराडीला नोकरी करते. दोन दिवस घरून काम असायचं, तेव्हा दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जायचे. अशाच एका दुपारी त्यांनी मायकलची गोष्ट सांगितली.

मायकल हे वृद्धाश्रमातले आजोबा. जन्मभर त्यांनी गावात टपाल वाटलं. आता सगळं विसरले होते. मुलगी भेटायला यायची, तिला विचारायचे, “आपण कोण?” जेवणाचं ताट समोर आलं की तोंड भिंतीकडे. सिस्टर तिथे नव्या होत्या. “त्यांचं इंग्रजी मला कळेना आणि माझं त्यांना. ताट घेऊन नुसती उभी राहायचे बघ.” एकदा फरशी पुसणारी बाई जाता जाता म्हणाली, त्यांना गावाच्या संघाच्या फायनलबद्दल विचार.

ती फायनल सिस्टरना कुठून माहीत असणार? गावातल्या न्हाव्याच्या दुकानात त्या संघाचा फोटो होता, खाली पंधरा खेळाडूंची नावं. फोटो वाचायचा म्हणून त्या केस कापायला गेल्या. नावं अवघड, एकदा वाचून पाठ होईनात. पुन्हा गेल्या. पुन्हा गेल्या. “तेव्हापासून माझे केस असे,” त्या म्हणाल्या. आत्तापर्यंत मी समजत होते, ती परदेशातली फॅशन.

मग चमचा पुढे धरून त्यांनी गोलकीपरचं नाव घेतलं. मायकल वळले. तोंड उघडलं. दुसरं नाव, दुसरा घास. सिस्टर एखादा उच्चार चुकवायच्या, ते सुधारून द्यायचे आणि घास घ्यायचे. असं कितीतरी दिवस चाललं. एकदा मुलगी समोर बसलेली असताना त्यांनी मध्येच विचारलं, “आपण जिंकलो का?”

“मुलगी मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण,” सिस्टर सांगत होत्या. “पण ते एका गुणानं हरले होते. सगळ्या गावाला माहीत होतं. मी म्हटलं, नाही, हरलात. एका गुणानं.”

“मग?”

“मुलीचा चेहरा पांढरा पडला. आजोबांनी जरा विचार केला. म्हणाले, पंच त्यांच्या गावचा होता. आणि बटाटा मागितला.”

सिस्टर हसल्या नाहीत. मग मलाही हसू आवरावं लागलं. “म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू नये, मेधा. त्याला बाकी काही कळत नसेल, पण आपल्याला लहान मूल समजताहेत, हे कळतं.”

त्या गावाने त्यांच्यावर कशानं मोहिनी घातली असेल, तर माणसं लक्षात ठेवण्याच्या पद्धतीनं. खाटकाकडे, न्हाव्याकडे, शाळेत, दवाखान्यात, जिथे भिंत तिथे संघाचा फोटो. आणि नुसते खेळाडूच नव्हेत. संघाच्या जर्सी धुणारी एक बाई होती. वर्षानुवर्षं सामन्यानंतर चिखलाचं गाठोडं तिच्या दारात पडायचं. ती गेली तेव्हा आख्खा संघ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या उंच धरून उभा राहिला आणि त्या कमानीखालून तिची शवपेटी नेली. जुने, पोट सुटलेले खेळाडूसुद्धा रांगेत होते. सिस्टर ड्यूटी टाकून गेल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर सगळ्यांना सांगितली. प्रसाद वाटला, माणसं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोगळेकर त्यांच्या दारात उभे. मी तिथेच होते. आत यायला तयार नाहीत. म्हणाले, “मी खेळायचो नाही, हे खरं आहे. पण शाळेच्या खो-खोच्या संघाला पाणी मी न्यायचो. मैदानावर नळ नव्हता. दोन बादल्या असायच्या.”

सिस्टरनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. “अहो, मग तुम्ही संघातच होतात की! आधी नाही का सांगायचं?”

जोगळेकर लाजले. मी त्यांना लाजताना प्रथमच पाहत होते. एरवी ते जिन्यात दर आठवड्याला सूचना लावायचे; त्यानंतर बरेच दिवस एकही नवी लागली नाही.

सिस्टर स्वतः खो-खो खेळायच्या. खडकीतल्या त्यांच्या वस्तीचा मुलींचा संघ होता. सगळ्या कामगारांच्या पोरी. त्यांनी मोठमोठ्या शाळांच्या संघांना हरवलं होतं. तिकडून परत आल्यावर त्यांना पहिली आठवण त्या मुलींची झाली. नावं तोंडपाठ होती, पण उपयोग होईना. “मुलांचा संघ शोधणं सोपं. आडनाव घेऊन बाजारात विचारायचं, कुणीतरी दाखवतं. पोरींची लग्नं झाली, आडनावं बदलली, काहींची तर सासरी नावंही बदलली. कसं शोधायचं?” तरी त्या विचारत राहिल्या. अखेर येरवड्याला तारा सापडली. सिस्टर मला बरोबर घेऊन गेल्या. ताराबाई नातवंडांत रमलेल्या, गुडघ्यांना पट्टे. सिस्टरना ओळखून त्यांनी मिठी मारली आणि लगेच कानाशी लागून म्हणाल्या, “हळू बोल गं, घरात कुणाला माहीत नाही.”

सिस्टरनी वळून स्वयंपाकघराच्या दिशेनं आवाज चढवला, “सूनबाई, बाहेर या! तुमच्या सासूला खांबाजवळ कुणाच्या बापाला पकडता यायचं नाही, ठाऊक आहे का?”

सुना हातातलं काम टाकून आल्या. ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. पण निघताना पाहिलं तर त्या अंगणातल्या विजेच्या खांबाला एक हात लावून नातीला काहीतरी दाखवत होत्या.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील, शंकरराव. ते आमच्याकडेच राहत. सिस्टर खाली राहायला आल्या त्याच्या आदल्या वर्षापासून अण्णांचं विसरणं वाढत गेलं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी बोलणंच थांबलं. दिवसभर खिडकीशी बसायचे. एकच शब्द उरला होता, “युसूफ.” सकाळ-संध्याकाळ विचारायचे, “युसूफ?” मी म्हणायचे, उद्या येईल हं अण्णा.

सिस्टरनी ते एकदा ऐकलं. “युसूफ कोण?”

मला एवढंच ठाऊक होतं, की तरुणपणी अण्णा खडकीत हॉकी खेळायचे आणि युसूफभाई त्यांच्या संघाचा गोलकीपर होता. दोघं जिवलग. पुढे काहीतरी भांडण झालं. आई असताना कधी त्याचं नाव निघालं की अण्णा उठून जायचे.

“जिवंत आहे?”

“माहीत नाही.”

“मग उद्या येईल कशाला सांगतेस?” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा कोरडा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या खडकी बाजारात फिरू लागल्या. युसूफभाईंचं तिथे चष्म्याचं दुकान होतं, ते विकून ते मुलाकडे कात्रजला गेले, असं एका शिंप्याकडून कळलं. सिस्टर बसनं कात्रजला गेल्या. परतल्या तेव्हा उन्हानं चेहरा लाल झालेला, पण डोळे चमकत होते.

“येणार आहेत?” मी विचारलं.

“नाही म्हणाले. म्हणाले, शंकरला सांगा, चेंडू तुझा होता हे आधी कबूल कर, मग येतो.” आणि माझा दंड धरून म्हणाल्या, “अगं, त्यांना सगळं आठवतंय!”

भांडण होतं ते एवढंच. कुठल्याशा स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटची मिनिटं. चेंडू गोलकडे आला. अण्णा फुलबॅक. त्यांना वाटलं युसूफ पुढे येऊन अडवेल. युसूफला वाटलं शंकर मारेल. चेंडू दोघांच्या मधून गोलात गेला. सामना गेला. त्या दिवसापासून एकाच बाजारात राहून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. युसूफभाईंची बायको गेली तेव्हा अण्णा कब्रस्तानच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते, हे मला सिस्टरकडून कळलं. युसूफभाईंनी त्यांना पाहिलं होतं.

सिस्टर पुन्हा कात्रजला गेल्या आणि शंकररावांना आता तुमच्या नावाशिवाय काही उरलं नाही, हे सांगून आल्या. आणि नंतरच्या एका रविवारी युसूफभाईंचा मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला. उंच, वाकलेले, पांढरी दाढी, हातात काठी. अण्णांसमोरच्या खुर्चीवर बसले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

मी चहा आणला. अण्णा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “युसूफ?”

“मी इथे आहे रे,” युसूफभाई म्हणाले.

अण्णा बाहेरच बघत राहिले. युसूफभाईंचा चहा निवला. थोड्या वेळानं ते काठीवर भार देऊन उठले. “ओळखत नाही तो मला. उशीर केला मी. चल बेटा.”

मला रडू आवरेना म्हणून मी आत वळले. तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला. अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसा.

“युसूफभाई, तो चेंडू कुणाचा होता?”

“त्याचा!” युसूफभाई तिथल्या तिथे वळले. “सरळ त्याच्या काठीवर येत होता! आंधळ्यानंसुद्धा मारला असता!”

“तू हाललास का जागचा?” खुर्चीतून आवाज आला. “पॅड बांधून पुतळ्यासारखा उभा! मी काय दोन्हीकडे धावू?”

कितीतरी महिन्यांत अण्णा एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते. आता ते खुर्चीचे हात धरून अर्धे उठले होते.

“मी ओरडलो होतो, ‘शंकऱ्या, मार’ म्हणून!”

“कधी ओरडलास? सगळं मैदान ओरडत होतं, तुझं काय ऐकू येणार?”

युसूफभाईंनी काठी टाकली आणि अण्णांचे दोन्ही खांदे धरले. भांडण चालूच होतं, पण त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. त्यांचा मुलगा दारात हतबुद्ध होऊन उभा होता. सिस्टर उठल्या, निवलेला चहा घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, “दुसरा टाक. हे आता लवकर आटपत नाही.”

त्यानंतर युसूफभाई जमेल त्या रविवारी यायचे. अण्णा आधीचं भांडण विसरलेले असायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सुरू व्हायचं. युसूफभाई कंटाळायचे नाहीत. एकदा मात्र त्यांना दया आली असावी. म्हणाले, “जाऊ दे शंकर. माझाच होता चेंडू.”

अण्णा गप्प झाले. पार मिटून गेले. युसूफभाई निघेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सिस्टरनी त्यांना जिन्यात गाठलं.

“खरंच तुमचा होता?”

“नाही हो. म्हटलं, म्हातारा खूश होईल.”

“मग पुढच्या वेळी शब्द मागे घ्या. काय उगाच खोटं बोलता या वयात?”

त्यांनी पुढच्या खेपेला तो मागे घेतला. अण्णा पुन्हा तावातावानं बोलू लागले. अण्णा जाईपर्यंत हे असंच चाललं. ते झोपेतच गेले. युसूफभाई या वेळी फाटकाशी थांबले नाहीत, वैकुंठ स्मशानभूमीत आतपर्यंत आले. मुलाच्या आधारानं, पण आले.

अण्णा गेल्यावर सिस्टर आमच्याकडे थोड्या कमी येऊ लागल्या. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस कळलं की फ्लॅट बंद करून त्या लोणी काळभोरला भाचीकडे जाताहेत. पोटात गाठ होती. त्यांना बरेच दिवस माहीत होतं. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला होता. “नर्स आहे मी,” डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या. “मला आकडे सांगू नका.” निघताना भिंतीवरची काठी त्यांनी जोगळेकरांना दिली. जोगळेकरांनी ती सोसायटीच्या ऑफिसात टांगली आणि कुणी विचारलं की खेळाचे नियम ते स्वतः समजावून सांगू लागले, बरेचसे चुकीचे.

पावसाळा संपता संपता सिस्टर गेल्या. त्याच्या काही दिवस आधी मी त्यांना भेटायला लोणीला गेले होते. दारात भाची सविता भेटली. मी आत जायला लागले तर म्हणाली, “घरात न्हाई ताई. आत्या ग्राउंडावर हाय. ऐकती का कुणाचं?”

शाळेचं मैदान घराच्या मागेच होतं, सविताही माझ्याबरोबर आली. कुठल्याशा गावाच्या मुली आल्या होत्या, खो-खोचा सामना चालला होता. सविताची मुलगी यजमान संघात होती. सरपंचांनी मांडवात सिस्टरसाठी खुर्ची ठेवली होती, ती रिकामीच. त्या पलीकडे, रेषेला अगदी चिकटून, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या! साडीत माणूस आहे की नाही, असं वाटावं. पायात मात्र तेच बूट. मी शेजारी उकिडवी बसले, हात हातात घेतला. काय काय बोलायचं ठरवून आले होते. अण्णांच्या त्या दिवसांबद्दल मला त्यांना काही सांगायचं होतं.

“सिस्टर,” मी म्हटलं, “तुम्ही नसता तर अण्णा—”

“बोलू नकोस गं,” त्या म्हणाल्या. नजर मैदानावरून हलली नाही. “पोरगी पळतेय बघ.”

मी बघितलं. पोरगी खरंच छान पळत होती. मग बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. माझा हात त्यांच्या हातात होता आणि कुणी बाद झालं की त्या तो दाबायच्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी निघाले. त्यांनी मान हलवली. मैदानाच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच मागून आवाज आला आणि मी वळून पाहिलं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या होत्या. स्टूल उलटं पडलेलं. एक हात सविताच्या खांद्यावर घट्ट, दुसरा वर.

“फाऊल! खो मिळायच्या आधीच उठली ती! मी बघितलंय!”

पंच म्हणजे शाळेचे तरुण सर होते. त्यांनी संकोचानं म्हटलं, “अहो आजी, ती तुमचीच नात हाय की.”

“मग काय झालं?” सिस्टर ओरडल्या. “फाऊल म्हणजे फाऊल!”

सविताची मुलगी कमरेवर हात ठेवून आजीकडे रागानं बघत होती. दोन्ही संघ थांबले होते. मी हात हलवला. सिस्टरचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पंचांकडे बघत होत्या आणि सरांनी नाइलाजानं शिट्टी तोंडात धरली होती.